हृदयातला वणवा

पावसाने चिखल झालेल्या दगडी रस्त्यांवरची पॅरिस-रूबे ही सायकल शर्यत 3 ऑक्टोबर 2021 रोजी पहिल्याच प्रयत्नात जिंकणारा इटलीचा सोनी कोलब्रेली, साडेपाच महिन्यांनी, म्हणजे 21 मार्च 2022 रोजी, स्पेनमधल्या कातालुन्याच्या शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात दुसरा आला आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच कोसळला. त्याचे वय तेव्हा 31 होते. छातीवर दाब आणि विजेचा झटका तिथल्या तिथे मिळाला, म्हणून तो वाचला.

अशा घटनेला आपल्याकडे सर्रास ‘हार्ट अटॅक’ म्हटले जाते, पण हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबते. तो बिघाड नळाचा. हृदय असे अचानक बंद पडते तेव्हा बिघाड बहुधा विजेचा असतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला विजेची एक लाट स्नायूभर पसरते, डोंगरउतारावरच्या वाळक्या गवतातून वणवा पसरतो तशी. जळलेले गवत पुन्हा उगवेपर्यंत पेटत नाही. तशीच एकदा उद्दीपित झालेली पेशी सुमारे पाव सेकंद दुसरे उद्दीपन स्वीकारत नाही. म्हणून लाट टोकाला पोहोचली की तिथेच विझते. मात्र स्नायूत एखादा व्रण असेल, तर त्याच्या एका बाजूने लाट अडते आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळत पुढे जाते. ती वळसा घालून येईपर्यंत मागचे ‘गवत’ पुन्हा उगवलेले असते. लाट तिथे पुन्हा शिरते, व्रणाभोवती फिरत राहते आणि कधी फुटून तिच्या अनेक लाटा होतात. मग हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरते, आणि रक्त पुढे ढकलले जात नाही.

विजेचा झटका हृदय ‘सुरू’ करतो, हा समज चुकीचा आहे. तो सगळे गवत एकाच क्षणी जाळतो. भरकटलेल्या लाटांना पुढे सरकायला जागाच उरत नाही आणि सारे शांत होते. त्यानंतर उजव्या कर्णिकेतले नैसर्गिक स्पंदनकेंद्र स्वतःहून ठोका देते. मला शरीरशास्त्रातला याहून सुंदर उपाय ठाऊक नाही.

‘जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहील’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश मात्र घातक आहे. हृदय थरथरू लागल्यावर काही सेकंदांतच शुद्ध हरपते, खोकणार कोण? छातीवर दाब आणि झटका न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

कोलब्रेलीच्या शरीरात हाच झटका आपोआप देणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. ते यंत्र असलेल्या खेळाडूला इटलीत स्पर्धेची परवानगी मिळत नाही. त्यामुळेच असेच यंत्र बसवलेला डॅनिश फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन इटलीतला क्लब सोडून 2022 मध्ये इंग्लंडमध्ये खेळू लागला. कोलब्रेलीने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. गडबड ओळखून झटक्यासाठी विद्युतभार साठवायला यंत्राला दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि ताशी 70 किलोमीटर वेगाने उतरणारा सायकलपटू तेवढ्यात, शुद्ध हरपलेली असो वा नसो, इतर स्पर्धकांच्या घोळक्यातून जवळजवळ 200 मीटर पुढे गेलेला असतो.