टाकी ‘पूर्ण धुण्या’चा सल्ला

“महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून दगड, वाळू, फिल्टर नळाखाली लख्ख धुवा, मासे निरोगी राहतात,” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगलाच आहे, पण जपून वाढवलेली प्रवाळाची टाकी (खाऱ्या पाण्याची, मासे आणि जिवंत पोवळी असलेली) नेमकी याच साफसफाईत हातची जाऊ शकते.

माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. दगडांच्या छिद्रांत, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर चिकटलेले असतात. स्पंजवरच्या ज्या बुळबुळीत तपकिरी थराची आपल्याला किळस येते, त्यातही तेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. मग पाणी नितळ दिसतं आणि अमोनिया चढत जातो. नितळपणावर विसंबूच नये.

खात्री करायचीय? अमोनियाचं टेस्ट किट आणा. रुळलेल्या टाकीत आकडा शून्याच्या जवळ असतो. टाकी नुकतीच धुतली असेल तर आठवडाभर रोज मोजा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पाणी थोडं थोडं बदला, आणि नव्या पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम आहे ना, हे ओतण्याआधी बघा.