पखाळ, लोह आणि लोहाशिवाय जगणारा जीवाणू

उन्हाळा तापायला लागला की एक निरोप दरवर्षी फोनवर येऊन पडतो. पखाळ म्हणजे पाण्यात ठेवून, बहुधा रात्रभर आंबवून खाल्ला जाणारा भात. २० मार्चला ओडिया लोक ‘पखाळ दिवस’ साजरा करतात, त्याच्या आगेमागे तर हा निरोप हमखास. मजकूर साधारण असा: शंभर ग्रॅम भातात ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. तोच भात बारा तास पाण्यात ठेवला की लोह ७३.९१ मिलिग्रॅम होतं. खाली जोडलेले हात आणि ‘आपले पूर्वज किती पुढे होते’.

दशांश चिन्हापुढे दोन आकडे असले की माणूस निम्मा विश्वास तिथेच ठेवून मोकळा होतो. पण लोह हे मूलद्रव्य आहे. रासायनिक क्रियेत अणू नव्याने तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, हे आपण आठवीत शिकलो. लोहाचा अणू घडायला ताऱ्याचं पोट लागतं, तिथे हांडीभर पाणी आणि एका रात्रीची सवड पुरत नाही. रात्री हांडीत जेवढं लोह होतं तेवढंच सकाळी असणार. वाढलंच तर ते बाहेरून आलं, लोखंडी भांड्यातून किंवा पाण्यातून. ओडिशाच्या बऱ्याच भागांत कूपनलिकेच्या पाण्यात एवढं लोह असतं की बादल्यांना तांबूस थर चढतो. ते पाण्याचं लोह भाताच्या नावावर जमा करायचं कारण नाही. आणि पाणी ओतल्यावर दर शंभर ग्रॅममागे भात कमीच होतो, त्यामुळे आकडा खरं तर खाली यायला हवा.

सुरुवातीचे ३.४ सुद्धा संशयास्पदच आहेत. पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळातच शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह असतं, भात झाल्यावर तर त्याहून कमी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ४५ च्या वर जाऊ नये असं सांगतात. शेतात राबणारा माणूस एका बैठकीत अर्धा किलो पखाळ सहज संपवतो. निरोप खरा असता तर त्याच्या पोटात रोज साडेतीनशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह गेलं असतं, आणि ओडिशात गावोगावी लोहाच्या विषबाधेचे रुग्ण दिसले असते. प्रत्यक्षात काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ओडिशातल्या १५ ते ४९ वयाच्या ६४.३ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पिढ्यान्‌पिढ्या पखाळ खाणाऱ्या घरांतल्या स्त्रिया.

एवढं झाल्यावर निरोप पुसून टाकता आला असता. पण त्याच्या नादात पखाळमधली खरी गंमत राहून जाते आणि ती त्या आकड्याच्या बरोबर उलट्या टोकाला आहे.

पखाळ करायला वेगळी कृती लागत नाही. संध्याकाळचा भात निवला की उरलेला हांडीत घालायचा, बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचा. लगेच खाल्ला तर सजा पखाळ, रात्रभर आंबू दिला तर बासी पखाळ, दही मिसळलं तर दही पखाळ. वरच्या आंबूस पाण्याला तोराणी म्हणतात आणि ते मीठ घालून पितात, टाकत नाहीत. सोबत कुस्करलेली बडी (डाळीचे वाळवलेले सांडगे), शाग भजा म्हणजे परतलेली पालेभाजी, कांदा, हिरवी मिरची, जमलं तर भाजलेला शुखुआ म्हणजे सुकी मासळी. पुरीच्या जगन्नाथाच्या भोगातही पखाळ असतो आणि बलांगीरच्या शेताच्या बांधावरही असतो.

तांदूळ बहुतेक घरी उसुना, म्हणजे उकडा. सालासकट धान भिजवायचं, वाफवायचं, अंगणात वाळवायचं आणि मग कांडायचं किंवा गिरणीत न्यायचं. कोकण-गोव्याच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. वाफवताना दाण्यातला स्टार्च एकदा फुलतो आणि वाळताना पुन्हा घट्ट बसतो. म्हणून या तांदळाचा भात रात्रभर पाण्यात राहिला तरी त्याची खळ होत नाही, शीत शाबूत राहतं.

आता हांडीच्या आत जाऊ. भात शिजताना बहुतेक सगळे सूक्ष्मजीव मेले. नवे येतात ते पाण्यातून, हातावरून, आणि मुख्यतः हांडीच्या मातीत मुरलेल्या कालच्या तोराणीतून. त्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू जोरात वाढतात. त्यांतला माझा लाडका म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम, आंबवलेल्या वनस्पतीजन्य पदार्थांत जगभर सापडणारा. २०२० मध्ये वर्गीकरणवाल्यांनी या कुळाचे तुकडे केले आणि त्याला लॅक्टिप्लँटिबॅसिलस असं जीभ अडखळणारं नाव दिलं. मी जुनंच वापरतो.

या जीवाणूला लोह लागत नाही. थोडं कमी लागतं असं नाही, लागतच नाही. लोह काढून टाकलेल्या द्रावणातही तो सुखाने वाढतो. जीवसृष्टीत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. तुमच्या-माझ्या पेशींपासून आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूपर्यंत जवळपास सगळ्यांना लोह हवंच. संसर्ग झाला की आपलं शरीर रक्तातलं लोह लपवून ठेवतं, ते जंतूंची उपासमार व्हावी म्हणूनच. प्लँटेरमवर हा डाव चालत नाही. (लाइम रोगाचा जीवाणूही असाच लोहाशिवाय भागवतो, पण तो फार वेगळ्या घरातला.) लोहाची बरीच कामं प्लँटेरम मँगनीजकडून करून घेतो. पेशीत मँगनीजचा भरपूर साठा ठेवतो आणि ऑक्सिजनपासून तयार होणारे घातक रेणू त्याच्या जोरावर निकामी करतो.

म्हणजे लोह ‘निर्माण’ करण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, त्याच्या पेशीत लोहाला जवळपास जागाच नाही.

आणि तोराणीचा आंबटपणा याच गोष्टीतून येतो. हा भाग जरा किचकट आहे, पण सावकाश वाचावा. ऑक्सिजन वापरून श्वसन करायला पेशीला सायटोक्रोम नावाची प्रथिनं लागतात. त्यांच्या केंद्रात हीम नावाचा रेणू असतो आणि हीमच्या मधोमध लोहाचा अणू. आपला जीवाणू हीम बनवत नाही, त्यामुळे तो ती सगळी यंत्रणा बाजूला ठेवतो. मग साखर फोडून ऊर्जा मिळवायची ती अर्ध्या वाटेवर. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू होतात आणि हाती एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, जेमतेम दोन रेणू लागतात. श्वसन करणाऱ्या आपल्या पेशीला तीसच्या आसपास मिळतात. या वाटेत एनएडी हा मदतनीस रेणू हायड्रोजन घेऊन अडकतो. तो मोकळा झाला नाही तर पुढची साखर फुटत नाही. म्हणून जीवाणू तो हायड्रोजन पायरुव्हेटच्याच गळ्यात मारतो. पायरुव्हेट अधिक हायड्रोजन म्हणजे लॅक्टिक आम्ल. ते बाहेर टाकायचं आणि पुढच्या ग्लुकोजला हात घालायचा. मिळकत इतकी तुटपुंजी की जगण्यापुरती ऊर्जा मिळवायला ढीगभर साखर फोडावी लागते, आणि तेवढंच आम्ल साचतं. लोह नाही म्हणून श्वसन नाही, श्वसन नाही म्हणून आम्ल.

हे आम्ल इतरांना मारतं कसं? ‘आंबट आहे म्हणून’ हे उत्तर अपुरं आहे. लॅक्टिक आम्ल सौम्य आहे, पाण्यात त्याचे सगळे रेणू फुटत नाहीत. किती फुटतील हे सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. सामू ६ असेल तर शंभरात एखादाच रेणू अखंड राहतो, ५ ला सात, ४ ला बेचाळीस. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जीवाणूच्या तेलकट पेशीपटलातून सहज आत शिरतो. आत सामू सातच्या जवळ असतो, तिथे तो लगेच फुटतो. छत्री मिटून दारातून आत यावं आणि खोलीत आल्यावर ती उघडावी, तसं होतं: उघडलेली छत्री आता दारातून बाहेर निघत नाही. सुटलेले प्रोटॉन, म्हणजे आम्लातले धनभारित हायड्रोजन, पेशीच्या आत साचत जातात. त्यांना उपसून बाहेर काढायला पेशीला एटीपी खर्चावं लागतं, आणि उपसता उपसताच तिची शक्ती संपते. लॅक्टिक जीवाणू मात्र आतला सामूही बाहेरच्याबरोबर खाली येऊ देतात, ही उठाठेव करत बसत नाहीत. चांगल्या आंबलेल्या तोराणीचा सामू चारच्या आसपास येतो. तिथे त्यांचंच राज्य.

हे राज्य वेळेत यावं लागतं. भात शिजताना बहुतेक सगळे मेले असं वर म्हटलं, पण काही उरतात. बॅसिलस सेरियस नावाच्या मातीतल्या जीवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही वाचतात. कोमट भात त्यांना फार मानवतो. तो भात तासन्‌तास तसाच राहिला तर हा जीवाणू उलट्या घडवणारं विष तयार करतो. सामू साडेचारच्या खाली गेला की त्याची वाढ जवळपास थांबते. शर्यत असते ती तिथवर पोचेपर्यंतची, आणि पखाळ करण्याच्या रीतीतली प्रत्येक गोष्ट लॅक्टिक जीवाणूंच्या बाजूची आहे. पाणी ओतल्याने भात चटकन थंड होतो, पाण्याखाली ऑक्सिजन कमी मिळतो, मातीची हांडी पाझरून आणखी गारवा देते आणि तिच्यात कालचं विरजण आधीपासून असतंच.

लोहाचं मग काहीच होत नाही का? थोडं होतं, पण ते मिळण्याबाबत. धान्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि आतड्यात सोडत नाही. काही जीवाणू ते फोडतात. मात्र पॉलिश तांदळात कोंड्याबरोबर बरंचसं फायटिक आम्ल आधीच गेलेलं असतं, त्यामुळे या फायद्याचा फार डांगोरा पिटण्यात अर्थ नाही. लॅक्टिक आम्ल लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवायला मदत करतं, ते खरं. ताटातल्या बाकीच्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत: हिरव्या मिरचीतलं आणि वर पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व भाजीतल्या लोहाचं शोषायला सोप्या रूपात रूपांतर करतं, आणि सुक्या मासळीतलं हीमयुक्त लोह तर तसंच शोषलं जातं. ज्या घरात मिरची आणि मिठापलीकडे ताटात काही नसतं, तिथे पखाळ रक्तक्षय हटवणार नाही. तिथे लोहाच्या गोळ्याच द्याव्या लागतील. निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी हे तरी ध्यानात घ्यावं.

उन्हात राबणाऱ्याला पखाळमधून मिळतं ते पाणी, मीठ आणि हळूहळू पचणारा स्टार्च, तेही सकाळी चूल न पेटवता. १९९८ च्या उष्णतेच्या लाटेत ओडिशात दोन हजारांहून जास्त माणसं गेली. त्या प्रदेशात ही मिळकत लहान नाही.

पुण्या-मुंबईत कुणाला करून बघायचं असेल तर भात शिजल्यावर तासाभरात निववून पाण्यात घालावा आणि पहिल्यांदा विरजण म्हणून चमचाभर ताजं दही टाकावं. पुढच्या खेपेला आधीची तोराणी चालेल. रात्रभर ओट्यावर कोरडा राहिलेला भात सकाळी पाण्यात घालून पखाळ होत नाही. त्याला फोडणी देऊनही भागत नाही, कारण बॅसिलस सेरियसचं ते विष उकळूनही टिकतं. तो भात टाकून द्यावा.