डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं नव्हे

डिस्लेक्सिया ही वाचन-लेखन शिकण्यातली अडचण. ‘डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना अक्षरं उलटी दिसतात, रंगीत काचेचा चष्मा लावला की वाचन सुधारतं,’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. मूल ‘३’ उलटा काढतं तेव्हा तो पटणं स्वाभाविक आहे.

पण पहिलीच्या वयात अक्षर-अंक उलटे काढणारी मुलं पुष्कळ असतात, आणि बहुतेकांची ती सवय आपोआप जाते. डिस्लेक्सियातली मुख्य अडचण शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते.

याचा अंदाज वर्गातच घेता येतो. पुस्तक मिटून तोंडी विचारा: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? डोळ्यांसमोर अक्षरच नसताना मूल अडत असेल, तर दोष नजरेचा कसा? मग ‘तिमडू’, ‘गोपसा’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या. पाठ झालेला धडा घडाघडा म्हणणारं मूलही इथे अडखळू शकतं, कारण अंदाजाने वाचायला वावच नसतो. हे निदान नव्हे. ते तज्ज्ञाकडूनच करून घ्यावं. डोळे-कान तर तपासावेतच.

अशा मुलांना शिकवताना लक्षात घ्या: ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, ‘इ’ मात्र नंतर ऐकू येते. इथे घाई नको. ‘क्’ म्हणा, ‘इ’ जोडा, मग लिहा. रोज चार-पाचच शब्द. प्रकट वाचनाला अचानक उभं करू नका, उतारा आदल्या दिवशी द्या. विज्ञानाची उत्तरं तोंडी घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ मागता येतो.