पाइपच्या रबर रिंगसाठी आयएसआय मार्क: अर्ज अडतो कुठे

पीव्हीसी पाइपच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या रबर रिंगसाठी बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना आयएस ५३८२ या मानकाखाली मिळतो. तो प्रत्यक्ष उत्पादकालाच मिळतो. बाहेरून रिंगा आणून पॅक करणाऱ्यांनी अर्जाच्या फंदात पडू नये.

अर्ज ‘मानक ऑनलाइन’ पोर्टलवर भरायचा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), यंत्रांची यादी, लेआउट, प्रोसेस फ्लो चार्ट, सही करणाऱ्याचं ओळखपत्र हे बहुतेकांकडे तयार असतं.

गाडी अडते ती पत्त्यावर. रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत बघा, गाळा भाड्याचा आणि वीजबिल मूळ मालकाच्या नावावर. जीएसटीवर प्लॉट नंबर एका तऱ्हेने, उद्यमवर दुसऱ्या. त्यावरून रबर चांगलं की वाईट हे ठरत नाही, मान्य. पण फाइल परत येते ती येतेच. भाडेकरार सगळे दाखवतात, एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी मात्र क्वचितच कोणाकडे असते. मालक ‘बघू’ म्हणत राहतो. गाळा घेतानाच या परवानगीचं त्याच्याकडून लेखी घ्या.

दुसरी अडचण हार्डनेसची, म्हणजे रबराच्या कठीणपणाची. मानकात तो आयआरएचडी या मापात मागतात आणि कारखान्यात असतो दुसऱ्या मापाचा, शोअर ए मीटर. आकडे जवळपास सारखे येतात म्हणून तेच लिहून देऊ नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्या उपकरणाचं कॅलिब्रेशनही वेगळं लागतं. शिवाय हार्डनेसच्या ५० च्या वर्गासाठी अर्ज करून रिपोर्टमध्ये ५७ आला, तर रिंग उत्तम असूनही त्या वर्गात बसत नाही.

लहान रिंगेतून ताणचाचणीचा तुकडा कापता येत नाही. मग त्याच बॅचच्या कंपाउंडची (रबराच्या तयार मिश्रणाची), तशाच क्युअरिंगची (उष्णतेने रबर पक्कं केलेली) शीट द्यावी लागते. कंपाउंडवाल्याने दिलेली नमुना शीट पाठवणारे इथेच फसतात. बॅच कार्ड ठेवा, नाहीतर शीट आणि रिंग एकाच मालाची हे दाखवणार कशावरून?

कॉम्प्रेशन सेटमध्ये नापास होणारे तर नेहमीचेच. रबर दाबून ७० अंशांवर २४ तास ठेवतात आणि सोडल्यावर किती परत फुगलं ते मोजतात. माल लवकर काढायचा म्हणून साच्याचा गरम प्रेस आधीच उघडला की रबर कच्चं राहतं, दबलेलंच राहतं, आणि पुढे जोड गळतो तोही यानेच. लॅबची फी भरण्याआधी ही चाचणी आपल्याच कारखान्यात करून पाहा. एजिंगलाच (रबर उष्णतेत ठेवून जुनं करून बघायच्या चाचणीला) सात दिवस जातात, तेव्हा ‘रिपोर्ट परवा मिळेल’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

पाइपवाल्याच्या जोडाच्या दाबचाचणीचा रिपोर्ट इथे चालत नाही. या मानकात तपासतात ते रिंगेचं रबर.

परवाना त्या पत्त्यापुरताच असतो. गाळा बदलणार असाल तर आधी बीआयएसला कळवा आणि नव्या जागेला मंजुरी मिळेपर्यंत रिंगेवर मार्क मारू नका.