फायकोएरिथ्रिन

फायकोएरिथ्रिन : तांबड्या समुद्री शैवलांना लाल रंग देणारे, पाण्यात विरघळणारे प्रथिन. हे नाव जर्मन शैवलतज्ज्ञ कुट्सिंग यांनी 1843 च्या सुमारास रूढ केले असे सामान्यतः मानतात.

नावापुढील अक्षराचा घोळ जुना आहे. तांबड्या शैवलांतील ते ‘आर’, त्यांपैकी बँजिएलीज गणातील ते ‘बी’ आणि नील-हरित शैवलांतील ते ‘सी’, अशी मूळ विभागणी होती. मात्र ज्या गणावरून ‘बी’ आले, त्यातल्याच पोर्फायरा या शैवलात बहुधा ‘आर’ प्रकार मिळतो. त्यामुळे हे अक्षर आता कुळाचे न मानता शोषणपटाचे (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याच्या आलेखाचे) मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘आर’ प्रकारात 498 व 565 नॅनोमीटरला स्पष्ट शिखरे असतात. 545 जवळचे तिसरे कधी शिखर, तर कधी नुसता उंचवटा असते. ‘बी’ मध्ये 498 चे शिखर ठळक नसते.

प्रथिन मिळवताना शैवल धुऊन वाळू व मीठ काढतात, गोठवून वितळवतात आणि फॉस्फेट बफरमध्ये वाटतात. ग्रॅसिलेरियासारख्या आगरयुक्त (आगर हा जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ असलेल्या) जातींचा वाटलेला लगदा बुळबुळीत होऊन गाळणे जड जाते. अपकेंद्रणानंतर वर राहिलेला गुलाबी द्रव प्रकाशात धरला की कडेने नारिंगी झाक मारतो. अमोनियम सल्फेटने साका बसवून, अपोहन (डायलिसिस) करून तो स्तंभ वर्णलेखनाने (कॉलम क्रोमॅटोग्राफीने) शुद्ध करतात; हे सारे थंडीत व शक्यतो अंधारात. 565 व 280 नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर 4 च्या वर गेले की नमुना संशोधनायोग्य समजतात. उष्णता त्याला सोसत नाही. नोरीचे (पोर्फायरापासून केलेल्या जपानी खाद्याचे) पापुद्रे भाजताना हिरवे पडतात ते यामुळेच : लाल प्रथिन विस्कटते, हरितद्रव्य उरते.

रेणुभार सुमारे 2,40,000. सहा अल्फा व सहा बीटा उपएकके (प्रत्येकी सु. 18,000 ते 20,000) कड्यासारखी जुळतात आणि मधल्या पोकळीत सु. 30,000 भाराचे एक गॅमा बसते. स्फटिकांमध्ये कड्याच्या सममितीमुळे गॅमाचे चित्र पुसट येई, म्हणून त्याच्या मांडणीविषयी बराच काळ तर्कच चालले. 2017 मध्ये ग्रिफिथ्सिया पॅसिफिका या शैवलाच्या संपूर्ण फायकोबिलिसोमची (प्रकाश गोळा करणाऱ्या, अशा प्रथिनांच्या संचाची) रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने उलगडली, तेव्हा ते स्पष्ट झाले.

प्रकाशात नारिंगी चमकणारे हे प्रथिन 1982 पासून प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) जोडून पेशी मोजण्यासाठी वापरतात. पोर्फायराचीच एक जात, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस, कोकणात पावसाळ्यात खडकांवर आढळते.