शाम्पू आणि सशाचे डोळे

शाम्पू डोळ्यांना झोंबतो का हे बघायला आपल्याकडे अजून सशांच्या डोळ्यात टाकतात, हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. तसं नाहीये हो! ती ड्रेझ टेस्ट, 1944 ची, आणि खरंच क्रूर होती, पण भारतात कॉस्मेटिक्ससाठी प्राण्यांवरच्या टेस्ट 2014 मध्येच बंद झाल्या. आता माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये त्वचेचा थर वाढवतात, त्यावर केमिकल लावून धुतात, आणि नंतर जिवंत पेशी 50 टक्के किंवा त्याहून कमी उरल्या तर ते केमिकल इरिटंट, म्हणजे त्वचेची जळजळ करणारं, धरतात. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेला गुरांचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) वापरतात, केमिकल लावल्यावर तो किती धुरकट होतो आणि त्यावर टाकलेला रंग आरपार किती पाझरतो ते मोजतात.