गोळी एकाची, राखण दोघांची

समजा, यवतमाळकडच्या एका गावातलं कापूस वेचणारं जोडपं. तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला, तिला नाही. औषधपाण्याचं नंतर, आधी दोघांच्या मनात येतं, आता आपला संसार कसा व्हायचा? या प्रश्नाचं चांगलं उत्तर आज आहे, आणि गावोगावच्या अशा जोडप्यांना ते कुणी नीट बसून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

एचआयव्ही रक्तातल्या सीडी-४ पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशीत शिरतो, स्वतःची प्रत तिच्या डीएनएत टाचतो आणि मग तिच्याकडूनच नवे विषाणू बनवून घेतो. एचआयव्हीचं औषध देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत सहसा तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही प्रत तयार होऊ देत नाहीत, डोल्युटेग्राविर ती डीएनएत टाचू देत नाही. नवे विषाणू बनेनासे झाले की रक्तातले कमी होतात, तसे वीर्यातले आणि योनीस्रावातलेही. जोडीदाराकडे जायला मग उरतंच काय?

हे मोजून पाहिलेलं आहे. ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुण्या-चेन्नईची जोडपीही होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असं २०११ मध्ये दिसलं. पुढे युरोपातल्या जोडप्यांचे कंडोमविना आलेले सुमारे ५८ हजार संबंध तपासले गेले. औषधाने विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण: शून्य.

पण ही राखण गोळी सुरू केल्या दिवसापासून लागत नाही. विषाणू दबायला सहा महिनेही लागू शकतात. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची तपासणी होऊन विषाणू सापडत नाही असं कळेपर्यंत कंडोम हवाच. इतर गुप्तरोग गोळीने थांबत नाहीत, त्यांच्यासाठी तो नंतरही कामाचा. तिची तपासणीही अधूनमधून व्हायला हवी.

गोळी सोडली तर? वावरातली हरळी आठवा. निंदण केलं की रान स्वच्छ दिसतं, मुळ्या मात्र जमिनीत असतात. काही पेशींत विषाणू असाच झोपून राहतो आणि औषध बंद झालं की काही आठवड्यांत परत फुटतो. आपल्याकडे हा खंड बहुतेक वेळा कामासाठी बाहेरगावी गेल्यावर पडतो, नाहीतर सासरी कुणी डबी पाहील या धाकाने. जाण्याआधी केंद्रात सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्या मागता येतात. आणि काही अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कुणाला सांगणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मना आहे. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे.

मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं. व्हायरल लोड दबलेला असताना अशा जोडप्यांना नेहमीसारखं मूल होऊ शकतं, तिला लागण न होता.